जीडीपी वाढला म्हणजे बेकारी घटली? आकडे वाचताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी अर्थशास्त्र शिकवते. उत्तरपत्रिकांत एक वाक्य हमखास येतं: "विकासदर वाढला की बेरोजगारी आपोआप घटते, हाच ओकनचा नियम." अर्थतज्ज्ञ आर्थर ओकन यांनी 1962 मध्ये हे नातं मांडलं, तेही अमेरिकेच्या आकड्यांवरून. तिथे कारखान्यातून काढलेला माणूस बेकारभत्त्यासाठी नाव नोंदवतो. आपल्याकडचा पिशवी भरून गावी जातो. घोळ सुरू होतो तो इथूनच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे देशाचा एकच बेकारी दर घेऊन जीडीपीशेजारी मांडणं. 2020-21 मध्ये जीडीपी जवळपास 6 टक्क्यांनी आक्रसला. त्याच वर्षीच्या पीएलएफएस म्हणजे श्रमबल सर्वेक्षणात मात्र बेकारी 4.8 वरून 4.2 टक्क्यांवर उतरली. मग गेली कुठे ही माणसं? शेतीत. एकूण रोजगारात शेतीचा वाटा 2018-19 मध्ये 42.5 टक्के होता, तो 2020-21 मध्ये 46.5 झाला.

आमच्या शेजारचा एक मुलगा चाकणला कंत्राटी कामगार होता. मे 2020 मध्ये परत आला. घरचं दोन एकर सोयाबीन आई-वडील दोघं खुरपायचे, त्या पावसाळ्यात तिघं खुरपू लागले. तिसऱ्या खुरप्यानं उतारा पोतंभरही वाढला नाही. पण सर्वेक्षणाच्या व्याख्येत तो घरच्या कामातला मदतनीस, म्हणजे रोजगार असलेला! त्याचा बुडालेला पगार बेकारीच्या दरात कुठेच दिसत नाही. म्हणून दरासोबत पगारी नोकरीचा आणि स्वयंरोजगाराचा वाटा बघाच. स्वयंरोजगार 2017-18 मध्ये 52.2 टक्के होता, 2023-24 मध्ये 58.4.

दुसरी चूक कॅलेंडरची, आणि माझं वरचं उदाहरणही तिच्यातून सुटत नाही. तेव्हाचं पीएलएफएस जुलै ते जूनचं, जीडीपीचं वर्ष एप्रिल ते मार्चचं. त्यामुळे कडक लॉकडाउनची तिमाही एका आकड्यात 2019-20 मध्ये पडते, दुसऱ्यात 2020-21 मध्ये. तिमाही आकडे घेतले की चित्र स्वच्छ होतं: एप्रिल-जून 2020 मध्ये जीडीपी सुमारे 24 टक्क्यांनी खाली, आणि शहरी बेकारी 21 टक्क्यांच्या घरात. शहरात ओकन दिसतो, शिवारात तो मातीत जिरतो.

व्याख्यांची भेसळही करू नका. 'नेहमीच्या स्थिती'त वर्षातलं 30 दिवसांचं दुय्यम कामही रोजगार धरतात. 'साप्ताहिक स्थिती'त आठवड्यात एक तास काम पुरतं. 2023-24 साठी पहिल्या मोजणीत बेकारी 3.2 टक्के, दुसरीत 4.9. 2025 पासूनचे मासिक आकडे साप्ताहिक स्थितीचे आहेत. ते जुन्या 3.2 ला जोडले की बेकारी एकदम उसळल्याचा भास होतो.

सगळी क्षेत्रं एका मापानं मोजणं हीसुद्धा नेहमीची चूक. बांधकाम थंडावलं की दुसऱ्या दिवशी सकाळी मजूर नाक्यावर कळतं. उन्हं वर आली तरी माणसं उभीच असतात. बँका आणि आयटीत उत्पन्न भराभर वाढतं, भरती त्या मानानं थोडी. शेतीत चांगला पाऊस झाला तर बेकारीचा दर जागचा हलत नाही, मजुरीचे दिवस आणि दर मात्र वाढतात. म्हणून प्रत्येक क्षेत्राच्या उत्पादनासमोर त्याच क्षेत्रातला रोजगार ठेवा. देशाचा बेकारी दर तिथे कामाचा नाही.

बेकारीच्या दराचा छेद, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून होणारं श्रमबल, विसरू नका. महिलांचा श्रमबल सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7. बऱ्याच जणी घरच्याच शेतीत वा धंद्यात मोजल्या गेल्या, आणि छेद फुगला की दर उतरतोच.

आणि प्रकल्पासाठी आलेख काढणाऱ्यांनो, 2017-18 च्या आधी रोजगाराच्या मोठ्या पाहण्या काही वर्षांच्या अंतरानं व्हायच्या. 2004-05 आणि 2009-10 हे दोन बिंदू सरळ रेषेनं जोडून मधली वर्षं भरू नका. त्या रेषेवरचा एकही आकडा कुणी दारोदार जाऊन विचारलेला नाही.