जुनी ॲल्युमिनियमची बोट घेताय? आधी ट्रान्सम ठोकून बघा

मिनेसोटात राहायला आलेला माणूस दोन-तीन उन्हाळ्यांत मासेमारीकडे वळतोच. दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी या राज्यात आहेत. मेच्या मध्याला वॉलाय माशाचा हंगाम उघडला की निम्मं गाव पाण्यावर असतं. नव्या बोटीची किंमत ऐकली की हौस जिरते, पण कुणाच्या तरी शेडमागे पन्नास वर्षांची चौदा फुटी ॲल्युमिनियमची बोट गवतात पालथी पडलेली असते. मालक ती काही शे डॉलरांत द्यायला तयार असतो, कधी कधी तर "घेऊन जा" म्हणतो. मी अशा बोटी दुरुस्त करतो, आधी स्वतःसाठी केल्या, आता ओळखीपाळखीतल्यांच्याही करतो. या कामात नव्याने उतरणाऱ्यांना माझं सांगणं एकच: आधी बोट समजून घ्या, मग गळती थांबवा, आणि बदल अगदी शेवटी करा.

या बोटी इथे इतक्या का, हे कळलं की त्यांची बांधणीही कळते. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा विमानांसाठी उभारलेलं ॲल्युमिनियमचं पत्राकाम मोकळं झालं. लढाऊ विमानं बांधणारी ग्रमन कंपनी त्याच पत्र्याच्या कनू (वल्ह्याने चालवायच्या निमुळत्या होड्या) बनवू लागली. मिनेसोटातच लिटल फॉल्सला क्रेस्टलायनर, न्यूयॉर्क मिल्सला लुंड आणि पुढे सेंट पीटरला अल्युमाक्राफ्टच्या बोटी तयार होऊ लागल्या. म्हणून जुन्या बोटीचा पत्रा विमानाच्या पत्र्यासारखा रिव्हेटने, म्हणजे भोकात घालून दोन्हीकडून ठोकलेल्या धातूच्या खिळ्याने, जोडलेला असतो. पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड. त्याला ताकद येते ती बाकांमुळे, आतल्या फासळ्यांमुळे आणि ओळीने मारलेल्या शेकडो रिव्हेटांमुळे.

बघायला जाताना सोबत हातोडी, टॉर्च आणि पातळ स्क्रू-ड्रायव्हर न्या. मोटर जिथे टांगतात ती मागची उभी फळी म्हणजे ट्रान्सम. बाहेरून पत्रा दिसतो, पण आत साधारण दीड इंच जाडीचं प्लायवूड असतं आणि तेच कुजतं. हातोडीने सगळीकडे हलकेच ठोका. चांगलं लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द वाजतं. मोटरच्या बोल्टच्या भोकात स्क्रू-ड्रायव्हर घाला. ओला भुसा बाहेर आला तर लाकूड गेलं म्हणायचं. तेवढ्यावरून बोट नाकारू नका, भाव मात्र पाडून घ्या. बोट नाकारायची ती पत्रा आतून खाल्लेला असेल तर. तळाला पांढरी पूड आणि सुईने टोचल्यासारखे खड्डे ओळीने दिसले, की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

मागच्या बाजूला उजवीकडे बोटीचा क्रमांक शोधा. बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असेल तर बोट नोव्हेंबर १९७२ नंतरची आहे. नसेल तर बहुधा त्याआधीची. त्याच सुमारापासून २० फुटांच्या आतल्या बोटींवर किती माणसं, किती वजन आणि किती हॉर्सपॉवर चालेल ते सांगणारी पट्टी सक्तीची झाली. ती पट्टी जपा, रंगाखाली जाऊ देऊ नका. कागदपत्रं नसलेली बोट कितीही स्वस्त मिळाली तरी आधी नोंदणी कार्यालयात विचारून या.

बोट घरी आली की पहिलं काम पाणी भरण्याचं. बोट ट्रेलरवर नीट टेकलेली हवी, कारण चार इंच पाण्याचं वजनच सात-आठशे पौंडांच्या घरात जातं आणि अधांतरी तळ त्याने वाकतो. पाणी सोडायच्या भोकाला बूच लावा, नळी सोडा आणि खाली वाकून बघत बसा. पहिली काही मिनिटं काहीच होत नाही. मग एखाद्या रिव्हेटच्या डोक्याखाली ओल धरते, थेंब फुगतो, ओघळून पुढच्या रिव्हेटवर जातो आणि तिथून टपकतो. त्यामुळे टपकणाऱ्या जागेवर खूण करून भागत नाही. फडक्याने पुसा, पुन्हा बघा, आणि पाणी जिथून उगवतं तिथेच मार्करने गोल करा. सावकाश थेंबाला एक रंग, धारेला दुसरा. हा नकाशा नीट झाला की पुढचं काम सरळ आहे.

सैल झालेला रिव्हेट बहुतेक वेळा बदलावा लागत नाही, पुन्हा ठोकून घट्ट करता येतो. त्याला दोन माणसं लागतात: एक बाहेर, एक आत. माझ्याकडे आत माझी लेक बसते. जड पोलादी ठोकळा रिव्हेटच्या शेपटीवर दाबून ती म्हणते, "बाबा, धरलाय", मग मी बाहेरून डोक्यावर हवेच्या रिव्हेट गनचा छोटासा फटका देतो. ठोकळा तिरपा झाला की शेपूट एका बाजूला लोळते, तेव्हा ती ओरडते, "थांबा, सरकला!" या शब्दाची शिस्त दोघांनी पाळायची. नवा रिव्हेट घालायचा असेल तर पत्र्यातून आत त्याच्या व्यासाच्या दीडपट दांडा बाहेर राहिला पाहिजे. त्याहून कमी असेल तर शेपूट नीट धरत नाही, जास्त असेल तर दांडा वाकतो. जिथे आतून हात पोचत नाही तिथे एका बाजूनेच बसवता येणारा पॉप रिव्हेट चालतो, पण बंद टोकाचाच घ्या, नाहीतर त्याच्या मधूनच पाणी येतं. प्रत्येक नव्या रिव्हेटला सागरी सीलंट लावा. सगळं घट्ट झाल्यावर शिवणींवर आतून पातळ इपॉक्सी ओढली की केसासारख्या फटीही भरतात. इपॉक्सी थंडीत नीट धरत नाही, हेही लक्षात असू द्या. इथल्या गॅरेजमध्ये जानेवारीत ती लावून उपयोग नाही.

"सरळ वेल्डिंग का नाही करत?" हे जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या वर. तो खरवडून काढल्याशिवाय वेल्ड धरत नाही आणि जुन्या शिवणीत अडकलेली घाण तर निघतच नाही. वर उष्णतेने शेजारचे रिव्हेट सैल होतात. फाटलेला पत्रा असेल तर जाणत्या वेल्डरकडे जा, रिव्हेटची गळती वेल्डिंगने थांबवायला जाऊ नका.

ट्रान्समसाठी जुनं लाकूड शक्य तितकं अखंड बाहेर काढा, तोच तुमचा नमुना. पाऊण इंची बाहेरच्या वापराच्या प्लायचे दोन थर इपॉक्सीने चिकटवा आणि सगळ्या कडा इपॉक्सी पिऊन तृप्त होईपर्यंत माखा. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीने भरा आणि मग योग्य मापाने पुन्हा पाडा, म्हणजे पाणी लाकडापर्यंत पोचतच नाही. उंची बदलू नका: आखूड शाफ्टच्या मोटरला १५ इंच, लांबला २० इंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात हिरवट रंगाचं, "कुजणार नाही" म्हणून विकलं जाणारं प्रक्रिया केलेलं लाकूड मिळतं. ते या बोटीत अजिबात घालू नका. त्यात तांबं असतं. ओलाव्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोटीच्या तळाशी पडलेलं तांब्याचं नाणंही तेच करतं. तांबं असलेला रंगही नको. स्टेनलेसचे स्क्रू चालतात, पण पत्रा आणि स्क्रू यांच्यामध्ये गंजरोधक लेप लावून. साफसफाईला साध्या लोखंडी तारेचा ब्रश वापरू नका, त्याचे कण पत्र्यात रुतून बसतात. दिवे किंवा पंप बसवलात तर प्रत्येकाला दोन्ही तारा बॅटरीपर्यंत न्या. गाडीसारखी बॉडीला अर्थिंग दिलीत तर वीजच पत्रा खाते.

बाकांच्या आतला फोम उचलून बघा. जुना फोम पाणी पितो, आणि घनफूटभर पाणी म्हणजे ६२ पौंड. ओला फोम टाकून बंद पेशींचे पॉलिस्टायरीनचे गुलाबी किंवा निळे तक्ते भरा, पेट्रोलपासून मात्र जपा, ते त्यात विरघळतात. जितका काढाल तितका परत भरा. बोट पाण्याने भरली तर तुमच्या मुलांना वर ठेवणारी गोष्ट तीच आहे.

इथपर्यंत आलात की मग बदलांचा विचार करा. मधलं बाक कापून सपाट डेक करायची इच्छा सगळ्यांना होते. ते बाक दोन्ही कुशी ताणून धरतं. ते काढायचंच असेल तर आधी फासळ्यांना आणि कडांना आधार देणारी आडवी ॲल्युमिनियमची चौकट बसवा. पुढे उभं राहून गळ टाकण्यासाठी डेक हवा असेल तर तो कडेपेक्षा बराच खाली ठेवा. तुम्ही जितके वर उभे राहाल तितकी बोट डळमळते, आणि वसंतातल्या इथल्या पाण्यात पडणं जिवावर बेतू शकतं. रंग ही हौसेची बाब. गोड्या पाण्यात उघडं ॲल्युमिनियम रंगाशिवायही वर्षानुवर्षं टिकतं. लावायचाच असेल तर घासून लगेच एचिंग प्रायमर (पत्र्याला रंग धरून ठेवणारा पहिला थर) मारा. आणि जुना रंग घासण्याआधी शिशाची तपासणी करून घ्या, घरात लहान मुलं असतील तर नक्कीच.

हे शिकायचं कुठे? शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये ऑशकॉशला हौशी विमानबांधणाऱ्यांच्या ईएए या संघटनेचं मुख्यालय आहे आणि तिच्या शाखा गावोगावी आहेत. रिव्हेट मारण्याचं कसब त्या लोकांइतकं प्रेमाने कुणी शिकवत नाही. टाकाऊ पत्र्याच्या दोन पट्ट्या घेऊन तिथे डझनभर रिव्हेट मारा, मग ते ड्रिलने काढा, आणि भोक मोठं न होता रिव्हेट निघू लागेपर्यंत बोटीला हात लावू नका. इंजिनासाठी कम्युनिटी कॉलेजातला लहान इंजिनांचा संध्याकाळचा वर्ग पुरतो.

पैसे घेऊन दुसऱ्याचं काम करायचं ठरवलंत तर पाणी भरलेल्या अवस्थेतले फोटो आधी मालकाला दाखवा, गळतीचं काम आणि हौसेचं काम यांचा हिशेब वेगळा लिहा, आणि पट्टीवरच्यापेक्षा जास्त हॉर्सपॉवरची मोटर बसवायला कुणी सांगितलं तर नाही म्हणा. बोट परत देताना बूच काढून मालकाच्या हातात ठेवा. मिनेसोटात बोट रस्त्याने नेताना बूच काढून पाणी सोडून देणं कायद्याने बंधनकारक आहे, झेब्रा शिंपल्यांसारख्या आगंतुक जिवांचा एका तळ्यातून दुसऱ्यात प्रसार होऊ नये म्हणून.