परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सुवार्ताकार्य करताना या चुका टाळा

परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सुवार्ताकार्य, म्हणजे येशूचा संदेश पोहोचवण्याचे सेवाकार्य, सुरू करणारी मंडळी (स्थानिक चर्च) आधी पुस्तिका, चित्रफिती आणि ॲप यांची जमवाजमव करते. एवढे साहित्य असूनही विद्यार्थी का टिकले नाहीत, हा प्रश्न तिला सत्र संपताना पडतो. दोष साहित्यात क्वचितच असतो. ते कोणासाठी निवडले आणि कोणत्या वेळी पुढे केले, हे तपासावे लागते.

सर्वांत महागात पडते ती हेतू लपवण्याची चूक. भाषेच्या सरावाचा वर्ग किंवा स्वागताचे जेवण म्हणून बोलवायचे आणि ताटे उचलताच बायबल अभ्यासाच्या प्रती वाटायच्या, असे घडले की विद्यार्थी सभ्यपणे बसून राहतो, पण पुन्हा फिरकत नाही आणि वसतिगृहातील इतरांनाही सावध करतो. आयोजक चर्च आहे, जेवणानंतर बायबल वाचन आहे आणि ज्याला थांबायचे नसेल त्याने खुशाल निघावे, हे निमंत्रणातच छापलेले असावे. विमानतळावरून आणणे, खोली शोधून देणे, जुने फर्निचर देणे ही मदत तर पूर्णपणे विनाअट हवी. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी 2011 साली संयुक्तपणे दिलेल्या शिफारशींमध्ये, गरजेचा गैरफायदा घेणे व आर्थिक प्रलोभने दाखवणे यांना ख्रिस्ती साक्षीत, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगण्यात, स्थान नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. परक्या देशात नुकताच उतरलेला विद्यार्थी, घरची परिस्थिती कितीही चांगली असो, त्या घडीला गरजूच असतो.

भाषेच्या बाबतीत देशावरून किंवा धर्मावरून अंदाज बांधू नये. इराणी विद्यार्थ्याच्या हाती अरबी नवा करार (बायबलचा येशूविषयीचा दुसरा भाग) ठेवला जातो. लिपी जवळची असली तरी त्याची भाषा बहुधा फारसी किंवा अझेरी असते. तैवानच्या विद्यार्थ्याला सरलीकृत चिनी लिपीतील प्रत मिळते, तो मात्र पारंपरिक लिपीत शिकलेला असतो. कोणत्या भाषेत वाचायला आवडेल, एवढे विचारले तरी पुरते.

धर्मांची तुलना करणाऱ्या पुस्तिका पहिल्या भेटीत मुळीच देऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. त्या वाचून स्वयंसेवक समोरच्या विद्यार्थ्याऐवजी त्याच्या धर्माच्या छापील वर्णनाशी बोलू लागतो. त्यापेक्षा बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दृष्टान्त एकत्र वाचावा आणि बापाचे वागणे पटते का, असे विचारून त्याचे म्हणणे पूर्ण ऐकावे. मुस्लिम विद्यार्थी ईसा (येशू) आणि त्याची आई मरियम यांना कुराणातून ओळखतो. कुराणाच्या 19 व्या सूरेचे (अध्यायाचे) नावच मरियम आहे. धर्मग्रंथ उंच, स्वच्छ जागी ठेवण्याची सवय असलेल्या अशा विद्यार्थ्यासमोर रेघोट्या ओढलेले बायबल बुटांशेजारी जमिनीवर पडलेले असेल, तर पुढच्या चर्चेत त्याचे मन कितपत लागणार? हिंदू विद्यार्थी प्रार्थनेत सहज हात जोडतो, कारण येशूबद्दल आदर बाळगणे त्याला आपल्या श्रद्धेशी विसंगत वाटत नाही. त्या हात जोडण्यालाच ख्रिस्ती विश्वास स्वीकारण्याचा निर्णय समजून अहवालात नोंदवण्याची घाई बरीच मंडळी करते आणि नंतर विनाकारण निराश होते.

आहाराचे नियम आधी विचारून घ्यावेत. रमजान दरवर्षी सुमारे 10 ते 11 दिवस अलीकडे सरकतो, म्हणून दुपारच्या जेवणाचा दिवस ठरवण्यापूर्वी दिनदर्शिका पाहावी.

छायाचित्रांच्या बाबतीत मात्र हयगय चालणार नाही. उपासनेत बसलेल्या विद्यार्थ्याचे छायाचित्र मंडळीच्या पानावर नावानिशी टाकले, तर ते त्याच्या घरी पोहोचायला वेळ लागत नाही. काही देशांत धर्मत्याग हा कायद्याने गुन्हा आहे. तोंडी होकार पुरेसा मानू नये, कारण यजमानाला नकार देणे पाहुण्याला जड जाते. चर्चमधील छायाचित्रे प्रसिद्धच न करण्याचा नियम सर्वांत सुरक्षित. मायदेशी परतताना फोनमध्ये कोणते ॲप, कोणते गट आणि कोणते संदेश ठेवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे; चीनमध्ये 2018 पासून मोठ्या ऑनलाइन दुकानांतून बायबलची विक्री बंद झाली, अशी माहिती त्याला निघण्याच्या पुरेशी आधी द्यावी आणि संपर्क ठेवायचा की नाही, हे त्याच्यावरच सोपवावे.