वारसा यादीतल्या घरात दुरुस्ती किंवा बदल करायचाय? परवानगी अशी मिळवा

जुन्या घरात राहणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, की ‘हेरिटेज’चा शिक्का बसला म्हणजे घरात खिळाही ठोकता येत नाही. हा समज चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली घरं हातची जातात. काही मालक भीतीने काहीच करत नाहीत. कौलं गळत राहतात, भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक कुजतं आणि एका पावसाळ्यात माळा खाली येतो. काही जण सुट्टीच्या दिवसांत गुपचूप काम उरकतात. मग नोटीस येते, काम अर्धवट थांबतं आणि काढून टाकलेल्या सागवानी खिडक्या तोवर भंगारात गेलेल्या असतात.

मुंबईत १९९५ साली विकास नियंत्रण नियमावलीत वारसा जतनाचा नियम आला. आता तो ‘विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली २०३४’ मध्ये आहे. परवानगी महापालिका आयुक्त देतात, त्यांना सल्ला देते वारसा जतन समिती. वास्तुविशारद, संरचना अभियंता, शहराच्या इतिहासाचे जाणकार अशी माणसं या समितीत असतात. पुढची पद्धत मुख्यतः मुंबईची आहे. मुंबईबाहेर बहुतेक शहरांत २०२० पासून एकत्रित नियमावली लागू आहे. तिथल्या महापालिकेत विभागांची नावं बदलतील, पण कामाचा क्रम साधारण हाच.

१. घर नेमकं कशात येतं ते काढा

ऐकीव माहितीवर जाऊ नका. मुंबईत आपल्या भूखंडाचा ‘डीपी रिमार्क’, म्हणजे विकास आराखड्यात त्या भूखंडाबद्दल काय आहे ते सांगणारा महापालिकेचा दाखला, काढा. इमारत यादीत आहे का, तिची श्रेणी कोणती, की ती वारसा परिसरात येते, हे त्यावरून कळतं. या शेवटच्या मुद्द्यावर लोक हमखास फसतात. गिरगावातली खोताची वाडी हा असाच परिसर आहे. लाकडी जिने, नक्षीदार कठडे, उतरती कौलं आणि गल्लीकडे उघडणारे व्हरांडे असलेली तिथली घरं एकेकटी बघायची नसतात, सगळी मिळून जी वाडी होते तिला संरक्षण आहे. त्यामुळे ‘माझ्या घराचं नाव यादीत कुठे आहे?’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

त्याबरोबर घराजवळ केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे का तेही बघा. पुण्यात शनिवारवाड्याच्या आसपास राहणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, असा २०१० च्या दुरुस्तीनंतरचा कायदा आहे. प्रतिबंधित क्षेत्रात नवं बांधकाम होत नाही, असलेल्या घराची दुरुस्ती मात्र सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने करता येते. महापालिकेची वारसा समिती आणि ही परवानगी या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असं धरू नका.

२. श्रेणी समजून घ्या, मगच मनात आराखडा रचा

पहिल्या श्रेणीत आत किंवा बाहेर हात लावायचा तो फक्त इमारत टिकवण्यासाठी लागेल तेवढाच. खासगी घरं या श्रेणीत फार थोडी. ‘दोन अ’मध्ये आतले बदल आणि नवा वापर छाननीनंतर होऊ शकतो, बाहेरचं रूप मात्र राखायचं. ‘दोन ब’मध्ये त्याशिवाय त्याच आवारात, मूळ इमारतीच्या उंचीशी आणि दर्शनी भागाशी जुळणारी वाढ मागता येते. तिसऱ्या श्रेणीत आतले-बाहेरचे बदल आणि वेगळा वापर यांना साधारणपणे वाव आहे, पण घराचं जे वैशिष्ट्य म्हणून ते यादीत आलं त्याला धक्का लागता कामा नये.

१९९५ च्या नियमाने परवानगीच्या कामांत दुरुस्ती, रंगकाम, गिलावा आणि वैशिष्ट्यपूर्ण भाग बदलणं हे सगळं धरलं होतं. म्हणून ‘नुसता रंगच तर काढतोय’ असं म्हणून सुरुवात करू नका. दर्शनी भागाचा रंग बदलणार असाल तर आधी लेखी विचारा.

३. घराची नोंद करा

सगळ्या पायऱ्यांत मी या पायरीला सर्वांत जास्त महत्त्व देतो आणि लोक नेमकी हीच गाळतात. समितीपुढे बसलेल्या माणसांनी तुमचं घर पाहिलेलं नसतं. त्यांच्यासमोर असतात तुमचे नकाशे आणि फोटो. ते धूसर असले तर शंका वाढतात, आणि शंका आली की प्रकरण पुढच्या बैठकीवर जातं.

आधी मोजमाप घेऊन आज आहे तसं घर काढून घ्या. प्रत्येक मजल्याचा नकाशा, सगळ्या बाजूंची दर्शनी चित्रं आणि निदान एक उभा छेद हवा. जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतात, खालच्या मजल्यावर जाड आणि वर बारीक होत जातात. ती जाडी खरी मोजा. मग फोटो काढा. आधी समोरून पूर्ण घर, दोन्ही शेजाऱ्यांसकट, मग एकेक खोली, मग एकेक बारकावा. फोटोला क्रमांक द्या आणि तोच क्रमांक नकाशावर टाका.

बारकावा म्हणजे काय, ते एका खिडकीवर दाखवतो. चौकट सागवानी आहे की जंगली लाकडाची? झडपा किती, त्यांच्या पट्ट्या हलतात की ठोकून बसवलेल्या आहेत? वरच्या अर्धगोलात रंगीत काचा आहेत का, किती शाबूत आहेत? गज चौकोनी की गोल? बिजागरी आणि कडी मूळची आहे का? चौकटीचा खालचा आडवा भाग सुरीच्या टोकाने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर तेवढंच लाकूड गेलेलं आहे. बहुतेक वेळा खिडकीचा खालचा वीतभर भाग कुजलेला असतो आणि वरचं सगळं ठणठणीत. तो भाग कापून नव्या सागवानाचा जोड देता येतो. ही नोंद कागदावर असली की ‘खिडक्या खराब आहेत, ॲल्युमिनियमच्या बसवू द्या’ या मोघम मागणीच्या जागी ‘अमुक खिडक्यांना खालून जोड, एक नवीन जुन्यासारखी’ अशी नेमकी मागणी उभी राहते. अशी मागणी नाकारायला समितीला कारण उरत नाही, आणि बऱ्याचदा खर्चही कमी येतो.

जुने फोटो घरातच शोधा. मुंजीचे, लग्नाचे, गणपतीतले. पाहुण्यांच्या मागे दिसणारा कठडा किंवा जिन्याचा खांब हा मूळ रूपाचा उत्तम पुरावा असतो.

४. अभियंता योग्य निवडा

तीस वर्षांहून जुन्या इमारतीला मुंबईत संरचना तपासणी लागते. अहवालानुसार इमारत सी-१ ते सी-३ अशा वर्गांत मोडते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. अडचण अशी, की तपासणीची बरीचशी साधनं काँक्रीटसाठी बनलेली आहेत. चुना, वीट, दगड आणि लाकडाच्या घरावर काँक्रीट तपासायचा हातोडा मारून आलेले आकडे फारसं काही सांगत नाहीत. त्यांच्यावर विसंबून चांगलं घर धोकादायक ठरलं तर पुढची सगळी लढाई उलट्या बाजूने लढावी लागते. भारवाही भिंती आणि लाकडी सांगाडे हाताळलेला अभियंता घ्या. तो तुळयांची टोकं उघडून बघेल, वाळवीचा माग काढेल, भिंत किती कलली आहे ते ओळंब्याने मोजेल. त्याच्याबरोबर संवर्धनाचं काम केलेला वास्तुविशारद असावा. शक्य असेल तर त्यांनी दुरुस्त केलेलं एखादं घर प्रत्यक्ष जाऊन पाहा आणि तिथल्या माणसांशी बोला.

५. घरातल्यांची संमती

भाऊबंदांची नावं, पागडीचे भाडेकरू, सोसायटी, यांच्यातला वाद समिती सोडवत नाही, पण त्यामुळे अर्ज अडकतो. मिळकत पत्रिका, हक्काचे कागद, लेखी संमती आधी गोळा करा. इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर (सेस) भरणारी जुनी इमारत असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाशीही बोलावं लागेल.

मुंबईत ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींत राहणाऱ्यांना इथे एक विनंती. तो सगळा समूह २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे एका सदनिकेने गोलाकार बाल्कनी सरकत्या काचांनी बंद केली की पूर्ण दर्शनी भागाची लय मोडते. सोसायटीने सगळ्यांसाठी मिळून खिडकी आणि बाल्कनीचा एकच नमुना ठरवून मंजुरीला द्यावा.

६. प्रस्ताव लिहा

नकाशात असलेलं काम काळ्या रेषेत, पाडायचं ते पिवळ्या आडव्या-तिरप्या रेघांनी आणि नवं लाल रंगात दाखवतात. पिवळा रंग किती आहे ते आधी स्वतः बघा. समितीची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. पिवळं कमी करता येतं का, हा प्रश्न वास्तुविशारदाला पुन्हा पुन्हा विचारा.

सोबतच्या टिपणात कामांचे तीन गट करा: दुरुस्ती, आतला बदल आणि भर. प्रत्येकाचं कारण साध्या भाषेत लिहा. आजीला जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावर न्हाणीघर हवं, ही खरी गरज आहे आणि ती तशीच लिहावी. समित्यांना माणसांनी घरात राहायलाच हवं असतं, बंद घर सर्वांत लवकर ढासळतं. न्हाणीघर कुठे घ्यायचं ते मात्र विचाराने ठरवा. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांच्या मजल्यावर ओलं काम नको. मागच्या बाजूला, भिंतीपासून सुटी, उद्या काढता येईल अशी रचना असेल तर मंजुरी सोपी जाते. नळ आणि मैलापाण्याचे पाइप दर्शनी भिंतीवरून नेऊ नका. वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा डबा कुठे बसणार, हेही नकाशावर आताच दाखवा.

साहित्याबद्दल स्पष्ट लिहा. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल भिंतीतच कोंडते, क्षार फुलतात, गिलावा पापुद्र्यांनी सुटतो आणि भिंतीत शिरलेली लाकडं कुजतात. कोकणपट्टीच्या पावसात हे फार लवकर होतं. दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी भरायच्या त्याही चुन्यातच. चुन्याचं काम जाणणारे गवंडी आजही मिळतात, फक्त त्यांना आधी गाठावं लागतं आणि चुना मुरायला वेळ द्यावा लागतो. प्रस्तावात ‘चुन्याचा गिलावा, आधी नमुना करून दाखवू’ एवढं वाक्य असलं तरी तुम्हाला घर कळलंय हे समोरच्याला पटतं.

७. अर्ज आणि बैठक

अर्ज वास्तुविशारदामार्फत महापालिकेच्या इमारत प्रस्ताव विभागात जातो आणि तिथून समितीकडे. बैठकीत वास्तुविशारद बोलेल, पण बोलावणं असेल तर मालकानेही जावं. या खोलीत कोण राहतं, पाणी कुठून शिरतं, मधली भिंत कोणी कधी घातली, याची उत्तरं त्यालाच ठाऊक असतात. समिती कधी जागेवर येऊन बघते. तेव्हा अडगळ हलवून ठेवा, माळ्यावर चढायला शिडी ठेवा.

अटी आल्या तर त्या लेखी घ्या आणि एकेका अटीला क्रमांक टाकून उत्तर द्या. ‘सुधारित नकाशे सोबत’ एवढंच लिहिलेलं पत्र हमखास परत येतं. आपल्या प्रकरणाचं इतिवृत्त मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा.

समितीची शिफारस आली म्हणजे काम सुरू करायची परवानगी मिळाली असं नाही. आयुक्तांच्या मंजुरीचं पत्र आणि काम सुरू करायचं पत्र हातात पडेपर्यंत कुदळ मारू नका. एखादी तुळई खरोखरच धोक्यात असेल तर लगेच टेकू लावा, फोटो काढा आणि त्याच दिवशी विभाग कार्यालयाला लेखी कळवा. टेकू काढता येतो, तो बदल नव्हे.

८. काम चालू असताना

गिलावा उतरवला की नकाशात नसलेलं काहीतरी निघतंच. बुजवलेला कोनाडा, विटांची कमान, रंगाखालचं भित्तिचित्र. तिथलं काम थांबवा, फोटो काढा, वास्तुविशारदाला बोलवा. उतरवलेली कौलं, बिजागऱ्या, रंगीत काचा, कठड्याचे तुकडे क्रमांक टाकून एका खोलीत ठेवा आणि त्या खोलीची किल्ली ठेकेदाराकडे देऊ नका. ठरल्यापेक्षा वेगळं काही करावं लागलं तर सुधारित मंजुरी घ्या. नंतर ‘अगदी लहानसा फरक होता’ म्हणून पटवणं कठीण जातं.

९. नकार आला तर

कारणं वाचा. बहुतेक नकार संपूर्ण प्रस्तावाला नसतात. गच्चीवरची खोली, रस्त्याकडची मोठी काच, असा एखादा भाग खटकलेला असतो. तो वेगळा काढून उरलेलं काम मंजूर करून घ्या, म्हणजे निदान पावसाळ्याआधी छप्पर तरी होईल. समितीचं मत आयुक्त अपवादात्मक परिस्थितीत, कारणं लेखी नोंदवून बाजूला ठेवू शकतात. परवानगी नाकारली गेली किंवा जाचक अटी पडल्या, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं. मुदत आदेश कळवल्यापासून ४० दिवस. वारसा जपल्यामुळे भूखंडावर बांधकामाचा हक्क वापरता येत नसेल, तर त्याच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे तो हक्क दुसऱ्या भूखंडावर वापरण्याची किंवा विकण्याची मुभा, मिळण्याची तरतूदही आहे. ती मागताना घराच्या दुरुस्तीची आणि देखभालीची हमी द्यावी लागेल हे धरून चाला, आणि त्यासाठीचा पैसा आधीच बाजूला काढून ठेवा.