ग्वाल्हेरला मुलांना घेऊन येताय? मग अशी फिरवा

दिवाळी जवळ आली की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. पुण्याची भाची, नागपूरची नणंद, ठाण्याचे दीर, सगळ्यांचं एकच, "पोरांना घेऊन येतोय, काय काय दाखवशील?" दरवेळी तेच तेच फोनवर सांगते, आणि मग फोन ठेवल्यावर आठवतं की अरे महत्त्वाचं तर राहूनच गेलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू. आमच्या चार पिढ्या इथेच गेल्या, मराठी घर, मराठी सणवार, त्यामुळे हे गाव मनापासून दाखवायला आवडतं मला.

सगळ्यात पहिलं सांगते, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. मुलांना इथे काही "बघायला" नेऊ नका, शोधायला न्या. नणंदेचा धाकटा सात वर्षांचा असताना किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्यासमोर फतकल मारून बसला होता, "मला घरी जायचंय" म्हणून. त्याचे बाबा त्याला राजा मानसिंग तोमर, पंधरावं शतक असं सगळं समजावत होते आणि तो अजूनच रडवेला. मग मी फक्त एवढंच म्हटलं की त्या भिंतीवर पिवळी बदकं आहेत, शोध बरं. झालं! पुढचा अर्धा तास तो मान वर करून बदकं मोजत होता, मग केळीची झाडं सापडली, हत्ती सापडले, मगर सापडली, आणि शेवटी आम्हालाच त्याला ओढून न्यावं लागलं. तेव्हापासून घरी कोणी आलं की प्रत्येक जागेसाठी एक एक गोष्ट कागदावर लिहून मुलांच्या हातात देते.

आता कधी यायचं ते. मे महिन्याच्या सुट्टीत येऊ नका, अगदी हात जोडून सांगते. ४५ च्या वर पारा जातो, किल्ल्यावरचा दगड तापतो आणि लहान मुलांना लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली की ट्रिप गेलीच समजा. डिसेंबर शेवट ते जानेवारी थंडी मस्त असते पण धुकं असं पडतं की गाड्या तासंतास लेट होतात, त्यामुळे परतीच्या गाडीच्या दिवशी पुढचं काही फिक्स ठेवू नका. दिवाळीनंतरचे दिवस किंवा फेब्रुवारी, हे बेस्ट. मुंबईकरांना पंजाब मेल आहे, पुण्याहून झेलम आणि गोवा एक्सप्रेस, नागपूरवाले तर दिल्लीच्या मेन लाइनवरच आहेत, भरपूर गाड्या. दिवस तीन हवेत. दोन दिवसांत होतं, पण मग मुलं दमतात आणि आई-बाबा चिडतात.

पहिला दिवस किल्ल्याचा. सकाळी लवकर, आठच्या आसपास तरी वर असायला हवं. चढायचे रस्ते दोन आहेत आणि इथेच लोकं चुकतात. गाडी जाते ती पश्चिमेकडून, उरवाई गेटने. पायी रस्ता आहे तो पूर्वेकडून, ग्वालियर गेटने, गुजरी महालापासून. आजी-आजोबा बरोबर असतील तर जाताना गाडीने उरवाईकडून वर जा आणि येताना ज्यांचे गुडघे ठीक आहेत त्यांनी मुलांना घेऊन पूर्वेच्या रस्त्याने पायी उतरा, आजी-आजोबा गाडीने खाली येतील. उतार असल्याने मुलं कुरकुरत नाहीत आणि दोन्ही बाजू बघून होतात.

उरवाईच्या चढावर डोंगरातच कोरलेल्या जैन तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, तिथे गाडी थांबवायला सांगाच. सगळ्यात मोठी साधारण ५७ फूट उंच, म्हणजे पाच मजली बिल्डिंग. मुलांना तिच्या पायाशी उभं करा आणि विचारा, मूर्तीच्या गुडघ्यापर्यंत तरी पोचतोस का? पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळात कोरलेल्या या मूर्ती, नंतर बाबरच्या हुकमाने बऱ्याच मूर्तींचे चेहरे फोडले गेले. मोठी मुलं विचारतात चेहरे का नाहीत, तेव्हा खरं काय ते सांगा, त्यांना कळतं.

वर मानमंदिर. बाहेरची निळी टाइल्सवाली भिंत म्हणजे आपला बदकांचा शोध. आत गेल्यावर खाली अंधाऱ्या जिन्याने तळघरात उतरता येतं, तिथे गोल खोल्या आहेत, उन्हाळ्यात गारव्यासाठी बांधलेल्या, आणि मुघलांनी त्यांचा तुरुंग केला. औरंगजेबाने सख्ख्या भावाला, मुरादला, याच किल्ल्यावर कैदेत ठेवून मारलं. भिंतीतल्या भोकांकडे बोट दाखवून गाइड सांगतात की यातून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर बोलायचे. मुलांना दोन टोकांना उभं करा, त्यांचा तो खेळच होतो. फक्त टॉर्च घ्या आणि लहानग्याचा हात सोडू नका, जिने अरुंद आणि गुळगुळीत आहेत. तिकिटाचं म्हणाल तर पुरातत्त्व खात्याच्या जागांवर १५ वर्षांखालच्या मुलांना फ्री असतं.

सासबहूचं मंदिर मुलांना नावामुळेच आवडतं, खरं नाव सहस्रबाहू, इ. स. १०९३ मध्ये पूर्ण झालेलं. तिथल्या कठड्यावरून खाली सगळं शहर दिसतं. तेली मंदिर बाहेरूनच बघा, उंच आणि वेगळंच आहे, पाच मिनिटं पुरे. जेवायला मात्र गुरुद्वारा दाता बंदी छोड, दुसरं काही शोधूच नका. गुरू हरगोविंदांना जहांगीरने या किल्ल्यावर कैदेत ठेवलं होतं, सुटका झाली तेव्हा ते म्हणाले मी एकटा जाणार नाही, आणि त्यांच्या अंगरख्याची टोकं धरून ५२ राजे बाहेर पडले अशी ती कथा. पंगतीत बसून लंगर जेवताना ही गोष्ट मुलांना सांगा. डोकं झाकायला रुमाल जवळ ठेवा.

आणि आता माझी सगळ्यात आवडती जागा, जी दहातले नऊ जण बघतच नाहीत. पूर्वेच्या पायी रस्त्याने उतरताना एक छोटंसं चतुर्भुज मंदिर लागतं, अख्ख्या एका खडकातून कोरलेलं. आतल्या भिंतीवर इ. स. ८७६ चा शिलालेख आहे आणि त्यात शून्य आहे! आपण आज काढतो तसंच, छोटं गोल. २७० आणि ५० अशा दोन आकड्यांत ते येतं, २७० हात ही फुलबागेची लांबी आणि ५० म्हणजे देवाला रोज वाहायच्या माळा. जगातल्या सगळ्यात जुन्या कोरलेल्या शून्यांपैकी हे एक. गणिताला घाबरणाऱ्या मुलाला इथे आणाच. भाचीची मुलगी चौथीत होती, तिला मी म्हटलं यातलं शून्य शोधून दाखव, तिने दहा मिनिटं लावली पण शोधलं, आणि मग भिंतीसमोर उभी राहून हवेत बोटाने २७० लिहीत होती. तो क्षण मी विसरणार नाही. मंदिर बंद दिसलं तर आसपासच्या चौकीदाराला प्रेमाने विचारा, उघडून दाखवतात.

खाली गुजरी महालात म्युझियम आहे, त्यात शालभंजिकेची, म्हणजे झाडाखाली उभ्या सुंदरीची, छोटीशी मूर्ती कुलपात असते, बघायची म्हणून सांगा. मुलं दमली असतील तर हे सोडलं तरी चालेल.

दुसरा दिवस जयविलास पॅलेस. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये बांधून घेतलेला, आज त्यातला एक भाग म्युझियम आहे, बाकीच्यात शिंदे घराणं राहतं. इथे दोन शोध द्यायचे. एक, दरबार हॉलमधली दोन झुंबरं. प्रत्येकी साडेतीन टनांच्या आसपास वजन, आणि छत एवढं पेलेल का हे बघायला आधी छतावर हत्ती चढवले होते म्हणतात. मुलांना विचारा, हत्ती वर कसा नेला असेल? आमच्याकडे क्रेनपासून हेलिकॉप्टरपर्यंत सगळी उत्तरं येऊन गेलीत. (लांबलचक उतार बांधून चालवत नेले.) दुसरा शोध चांदीची आगगाडी. जेवणाच्या टेबलावर रूळ आहेत, त्यावरून ही छोटी गाडी पाहुण्यांपुढे सुकामेवा, सिगार, पेयं घेऊन फिरायची, डब्यातली बाटली उचलली की गाडी थांबायची, परत ठेवली की चालू. डब्यांवर इंग्रजीत शिंद्यांचं नाव आहे, एक एक अक्षर, मुलांना स्पेलिंग वाचायला लावा. मराठा इतिहासाची गॅलरी आहे तिथे मात्र जरा वेळ द्या, महादजी शिंदे पानिपतातून जखमी होऊन वाचले आणि पुढे दहाच वर्षांत दिल्लीच्या बादशहाला परत गादीवर बसवलं, हे महाराष्ट्रातल्या मुलांनी इथे उभं राहून ऐकायलाच हवं. तिकीट बऱ्यापैकी महाग आहे, चालणं खूप आहे, निदान अडीच तास धरा. म्युझियमना आठवड्यात एक सुट्टी असते, आदल्या दिवशी फोन करून विचारा. एकदा आम्ही बारा माणसं दोन रिक्षा करून गेटवरून परत आलोय.

दुपारनंतर फुलबाग. प्राणिसंग्रहालय तिथेच आहे, पांढरे वाघ बघायला मिळतात, लहान मुलांचा तासभर सहज जातो. पण तिथे जवळच राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे, तिथे आधी जा. घोड्यावरचा पुतळा मोठा आहे, समाधी साधी. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरच्या लढाईत राणी इथेच पडल्या. आपल्या तांब्यांची मनू, पेशव्यांच्या आश्रयाला वाढलेली पोर, घरापासून इतक्या लांब येऊन लढली, मला तिथे गेल्यावर आजही गलबलून येतं. मुलांना चप्पल काढायला सांगा आणि दोन मिनिटं शांत उभं राहू द्या, ती राहतात.

संध्याकाळी हजिरा भागात तानसेनची समाधी. मोठा मकबरा आहे तो त्यांचे गुरू मोहम्मद घौस यांचा, शेजारी छोटी ओट्यासारखी आहे ती तानसेनची, लोकं उलटं समजतात. शोध असा, चिंचेचं झाड कुठंय? त्याची पानं खाल्ली की गळा गोड होतो असं गवई मानतात. मोठ्या मकबऱ्याच्या दगडी जाळ्या बघा, एकीसारखी दुसरी सापडते का ते मुलांना शोधू द्या. डिसेंबरमध्ये तानसेन समारोह असतो, त्या दिवसांत आलात तर एक संध्याकाळ नक्की राखून ठेवा, मुलं झोपली तरी मांडीवर झोपू द्या, कानावर पडतं ते कुठे जात नाही.

तिसरा दिवस गाडी करून मुरैनाकडे. मितावली, पडावली, बटेश्वर, तिन्ही जवळजवळ आहेत. मितावलीला टेकडीवर शंभरेक पायऱ्या चढून चौसष्ट योगिनीचं गोल मंदिर, आपलं जुनं संसद भवन यावरूनच सुचलं असं सगळे सांगतात, पुरावा कोणी दाखवलेला नाही, पण दिसतं तसं खरं. खोल्या खरंच ६४ आहेत का, मोजा म्हणावं. बटेश्वरला मात्र बसा निवांत. सुमारे २०० छोटी छोटी मंदिरं, हजार-बाराशे वर्षांपूर्वीची, सगळी कोसळून दगडांचा ढीग झाला होता. २००५ पासून पुरातत्त्व खात्याच्या के. के. मोहम्मद यांनी एक एक दगड जुळवत ती परत उभी केली, आणि तो भाग तेव्हा चंबळच्या डाकूंचा, त्यांना समजावून काम सुरू केलं. मुलांना सांगा हे जगातलं सगळ्यात जड जिगसॉ पझल आहे. खायला-प्यायला तिथे फारसं काही मिळत नाही, दशम्या, चटणी, पाणी बरोबर घ्या.

थंडीत आलात तर त्याच दिवशी देवरीचं घडियाल केंद्र करा. चंबळच्या काठावरून अंडी आणून इथे पिल्लं वाढवतात आणि साधारण १.२ मीटर लांब झाली की नदीत सोडतात. शोध, नर कोणता? मोठ्या नराच्या नाकाच्या टोकाला घड्यासारखा गोळा असतो, त्यावरूनच नाव घडियाल. केंद्रात सगळी पिल्लंच, त्यामुळे तिथे तो दिसणार नाही, त्यासाठी चंबळवरच्या राजघाटला बोटीत बसायचं, नर वाळूवर ऊन खात पडलेले असतात. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, बोटवाला नको म्हणाला तरी, आणि मुलाच्या मापाचं नसेल तर बोटीत बसूच नका.

मोरारचं सूर्यमंदिर वेळ उरला तर, कोणार्कसारखं केलंय, बाग छान आहे, बस. महाराज बाड्यावर संध्याकाळी चक्कर मारा, खरेदी तिथेच. सकाळी नाश्त्याला बेडई-भाजी (बेडई म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी) नाहीतर पोहे-जिलबी, लहानांना तिखट लागेल, दही मागून घ्या.

आणि परत जाताना गजक घ्यायची, थंडीत ताजी मिळते, तीळ आणि गूळ कुटून कुटून केलेली, संक्रांतीला तिळगुळाबरोबर वाटायला छान. डबा बॅगेत कोंबू नका, हातात धरा, नाहीतर भुसावळपर्यंत चुरा होतो.