शोपाँचा ओपस ४२ वॉल्ट्झ वाजवताय? या चुका टाळा

संगीतकार शोपाँचा, १८४० साली छापलेला हा ए फ्लॅट मेजर या स्वरसप्तकातला पियानोचा वॉल्ट्झ (तीन ठोक्यांच्या नाचाच्या चालीतली रचना; ओपस म्हणजे रचनेचा क्रमांक) जेमतेम चार मिनिटांचा, पण वाजवायची घाई सगळ्यांना. दोन वर्षं शिकलेली मुलं व्हिडिओ बघून येतात नि सांगतात, "मॅडम, फक्त मधला भाग अडतोय." मधला कसला, नवव्या बारपासूनच (बार म्हणजे इथे तीन ठोक्यांचा एक घास) सगळं अडलेलं असतं!

पहिले आठ बार नुसती ई फ्लॅटवरची ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन स्वर भराभर आलटून पालटून. ती संपली की डाव्या हातात नेहमीचा तीनाचा ठेका सुरू होतो. उजव्या हातात त्याच बारमध्ये सहा स्वर, पण त्यातले गाणारे दोनच: पहिला आणि चौथा. हा चौथा स्वर डाव्या हाताच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठोक्याच्या बरोबर मध्ये पडायला हवा. मुलं काय करतात? डाव्याला उजव्याच्या मागे फरफटत नेतात. मग वॉल्ट्झ उरतच नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीचं वार्षिक कार्यक्रमात हेच झालं. घरी दोन्ही हात एकदम, तेही पूर्ण वेगात बसवले होते. दुसऱ्या पानावर डावा हात तीनाचा ठेका सोडून दोनात गेला, आणि ती थांबलीच. तिचे वडील तबला वाजवतात. बाहेर आल्यावर म्हणाले, "मॅडम, समेवर येतेय, पण मध्ये ठेका मोडतोय. दीडपट हातात बसलेली नाही हिच्या." दीडपट म्हणजे दोनाच्या वेळात तीन. मी आठवडाभर जे समजावत होते, ते त्यांनी एका वाक्यात संपवलं.

तेव्हापासून माझ्याकडे या वॉल्ट्झचा पहिला आठवडा पियानोविना. डाव्या मांडीवर तीन, उजव्या मांडीवर दोन, तोंडाने "एक, दोन-नि, तीन". उजवा हात "एक" आणि "नि"वर. चहा गाळतानाही जमलं पाहिजे. मग फक्त ते दोन गाणारे स्वर आणि डावा हात. उरलेले चार स्वर सगळ्यात शेवटी, तेही इतके हलके की शेजारच्या खोलीत ऐकू येऊ नयेत. मुलांना हे कंटाळवाणं वाटतं. वाटू दे.

ट्रिलमध्येच सगळा दम घालवू नका. हळू सुरू केली तर काही बिघडत नाही.

डाव्या हाताचा दुसरा-तिसरा ठोका आपटणं म्हणजे लग्नातला बँड. हे संगीत नाचायला नाही, ऐकायला लिहिलंय.

स्वर लांबवणारं पायातलं पेडल पूर्ण बारभर दाबून ठेवू नका. मी दुसऱ्या ठोक्यानंतर सोडते. काहीजण तिसऱ्यापर्यंत धरतात, त्यांची खोली बहुधा माझ्याहून मोठी असावी.

आणि प्रत्येक भागानंतर तो सरसर धावणारा तुकडा परत येतो ना, तिथे दरवेळी वेग वाढतो. चौथ्यांदा येईतो बोटं हातात राहत नाहीत. मी तिथे पानावर लाल पेन्सिलीने एकच शब्द लिहिते: "सावकाश". सगळ्या विद्यार्थ्यांच्या पानांवर तो आहे, आणि माझ्याही.