नेत्यांची स्मारक नाणी जमवताय? या चुका टाळा

आजोबांच्या पत्र्याच्या डब्यात 1964 चा नेहरूंचा रुपया होता. शाळेत असताना मी तो चिंच आणि रांगोळी लावून घासला. काळपट झालेलं नाणं त्यांना लख्ख करून द्यावं, एवढंच मनात होतं. नाणं चमकलं खरं, पण उजेडात तिरपं धरलं की नेहरूंच्या गालावर बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. ते आजही तसंच आहे.

म्हणून नाणं घासू नका, हे सगळ्यात आधी. ठसा जोरात दाबला जातो तेव्हा धातूवर एक मूळ झळाळी उमटते. नाणं फिरवलं की उजेड त्यावर चाकासारखा फिरतो. संग्राहक पैसे मोजतो ते या झळाळीचे. लिंबू, राख, टूथपेस्ट, पितळी भांड्यांची पावडर, यातल्या कशानेही ती एकदा गेली की परत येत नाही. काळाने चढलेला करडा-तपकिरी रंग हा दोष नव्हे. चिकट मळ असेल तर साध्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणं बुडवून ठेवा, मऊ सुती कापडावर टिपून घ्या, चोळू नका. तरीही मळ सुटला नाही तर राहू द्या.

जन्म-मृत्यूचं साल म्हणजे नाण्याचं साल नव्हे. या गोंधळातून मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं, “माझ्याकडे 1869 चं नाणं आहे, किती मिळतील?” ते नाणं गांधीजींचं असतं आणि त्यावर 1869-1948 लिहिलेलं असतं. जन्मशताब्दीनिमित्त 1969 मध्ये ही मालिका निघाली: 20 पैसे, 50 पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये. इंदिरा गांधींच्या नाण्यावर 1917-1984 असतं, ते 1985 चं. नेहरूंच्या नाण्यावरचं 1889-1964 तेवढं थोडं वेगळं, कारण मृत्यूचं साल आणि नाणं निघाल्याचं साल एकच. 1969 च्या मालिकेतले गांधीजींचे पिवळे 20 पैसे पाहून काहीजण सराफाकडे धावतात. ते सोनं नाही, ॲल्युमिनियम ब्राँझ आहे.

“चुंबकाला चिकटलं, म्हणजे नकली” हा निष्कर्ष घाईचा. 1964 चा नेहरूंचा रुपया आणि 1969 चा गांधीजींचा रुपया शुद्ध निकेलचे आहेत आणि निकेल चुंबकाला चिकटतं. ही नाणी चिकटली नाहीत तर उलट शंका घ्या. 1990 चा बाबासाहेबांचा रुपया आणि 1999 चं शिवाजी महाराजांचं अकरा कोनी दोन रुपयांचं नाणं तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं, ते चिकटणार नाही. गांधीजींचं चांदीचं दहा रुपयांचं नाणंही चिकटता कामा नये. या दहा रुपयांची नक्कल करण्यात फायदा असल्याने ते विकत घेताना सराफी काट्यावर तोलून घ्याच: वजन 15 ग्रॅम, व्यास 34 मिलिमीटर, चांदी 80 टक्के. ओतीव नकलेच्या कडेवर सांधा आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे भिंगातून दिसतात. मोबाइलच्या फोटोवर भरवसा ठेवून चांदीचं नाणं घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

टांकसाळीची खूण वाचतानाही चूक होते. ती बहुधा सालाखाली असते: मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. खूण नसेल तर कोलकाता. “खूणच नाही, म्हणजे दुर्मीळ चूक छापली गेली” असं सांगून कोलकात्याचं साधं नाणं दहापट भावाला विकणारे मी जुन्या बाजारात पाहिले आहेत. नोएडाची टांकसाळ 1988 मध्ये सुरू झाली, त्यामुळे 1964 च्या नाण्यावर “नोएडाचा दुर्मीळ ठिपका” असूच शकत नाही.

लाखो रुपयांच्या जाहिराती. यात घरोघरी माणसं फसतात, विशेषतः निवृत्त मंडळी. इंदिराजींचं पाच रुपयांचं जाड नाणं असो की नेहरूंचा रुपया, ही नाणी चलनासाठी मोठ्या संख्येने पाडली गेली. हातोहात फिरून गुळगुळीत झालेल्या नाण्याला लाखो रुपये कुणी देत नाही. फसवणुकीची रीत ठरलेली: फोटो मागवायचा, मोठी रक्कम कबूल करायची, मग “कर”, “कमिशन”, “नोंदणी” म्हणून आधी तुमच्याकडूनच पैसे घ्यायचे. रिझर्व्ह बँकेच्या नावाचं पत्रही पाठवतात. 2021 च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कुठलंही शुल्क मागत नाही. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर मदतक्रमांकावर कळवा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

75, 100, 125 रुपयांची नाणी दुकानात चालवायला जाऊ नका. ती संग्राहकांसाठी असतात. यातली बरीचशी 35 ग्रॅमची, निम्मी चांदीची. सरकारी टांकसाळ ती मखमली डबीत किंवा कार्डात देते आणि डबी, कार्ड, प्रमाणपत्र यांसकटच त्यांची किंमत राहते. प्रूफ नाणं, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत ठशाने पाडलेलं नाणं, आरशासारखं असतं, बोटाचा एक ठसाही त्यावर कायमचा बसतो. कडेलाच धरा.

शेवटी साठवण. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात वर्षानुवर्षं ठेवलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. ते पाकीट आजच बदला. नाणी पीव्हीसीविरहित पाकिटात किंवा कडक कॅप्सूलमध्ये ठेवा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यापूर्वी डब्यात सिलिका जेलच्या नव्या पुड्या टाका. आणि कुणी हौसेने शिवाजी महाराजांच्या दोन रुपयांना पदकासाठी कडी डाकवायची म्हणालं, तर त्याला त्यासाठी गुळगुळीत झालेलं नाणं शोधून द्या, कोरं नको.