कॅज्युअल्टीतल्या एचआयव्ही स्क्रीनिंगचं यील्ड काढताय? या चुका टाळा

थिसिसचा सीझन आला की तीच एक्सेल शीट, त्याच चुका. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. यील्ड म्हणजे स्क्रीनिंगमधून किती नवीन केस सापडल्या त्याचं प्रमाण.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह (म्हणजे टेस्टमध्ये पॉझिटिव्ह) आलेला प्रत्येक पेशंट नवीन केस म्हणून मोजणं. एका रेसिडेंटने असंच घसघशीत यील्ड काढलं, गाईडही खूश, पोस्टर छापायला निघाले होते. म्हटलं बाबा रे, आधी एआरटी सेंटरच्या (जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात) रजिस्टरशी ताडून घे. "सर, सबमिशन जवळ आलंय." तरी करायला लावलंच, तर निम्म्याहून जास्त जण आधीपासून गोळ्या खाणारे निघाले, आणि एक जण दोनदा मोजलेला, एकदा घरातल्या नावाने, एकदा आधारवरच्या. पेशंट खोटं बोलतात असं नाही हो, शेजारी सासरा उभा असताना "आधी टेस्ट झालीय का" विचारलं तर कोण खरं सांगेल? एकट्याला विचारा. आणि ताडणी परवानगी घेऊन आयसीटीसीच्या (सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्राच्या) काउन्सेलरकडूनच, नावांची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं 2017 च्या एचआयव्ही कायद्यात बसत नाही.

दुसरं, एका रॅपिड टेस्टवर केस मोजू नका. समजा 10,000 लोक तपासले, न कळलेली लागण 0.1 टक्का, टेस्टची स्पेसिफिसिटी 99.8 टक्के, म्हणजे लागण नसलेल्या 1,000 पैकी 998 जणांना ती बरोबर निगेटिव्ह दाखवते. खरे पॉझिटिव्ह 10, खोटे 20! किटवर 99 बघून हुरळणाऱ्यांनी हे स्वतः कागदावर मांडून बघावं. नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेची) तीन टेस्टची पद्धत उगाच नाहीये.

यील्डच्या अपूर्णांकात छेद कुठला घेतला ते लिहा: आलेले, विचारलेले, की टेस्ट झालेले. रात्री काउन्सेलर नसतो, मग दारू पिऊन आलेले, मारामारीतले सगळे सुटतात, आणि दिवसाचं यील्ड अख्ख्या कॅज्युअल्टीला गुणून मोकळे!

300 टेस्टमध्ये शून्य आलं म्हणून "इथे गरज नाही" असं लिहू नका. शून्य आलं की 3 भागिले टेस्टची संख्या ही साधारण वरची मर्यादा, म्हणजे 1 टक्क्यापर्यंत असू शकतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2006 मध्ये 0.1 टक्क्याची रेघ मारली, न कळलेली लागण तिच्या खाली असेल तर सरसकट स्क्रीनिंगची गरज नाही अशी; तिच्या खाली आहोत म्हणायला सलग शून्य आलेल्या 3,000 टेस्ट लागतील.

आणि पी व्हॅल्यू (दोन गटांतला फरक योगायोगाचा आहे का ते जोखणारा आकडा) किती आली पाहिजे असं मेसेज करून विचारू नका. तुलना कशाशी करताय ते तरी सांगा आधी.